म्हातारा कुणाकडे बघत होता

कोराकून, लीट्रिम
९ जून १९८६

फेलिम,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटेल, आई गेली. गेली नाही. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, पण जीभ शाबूत आहे. मी तिला उठवते, बसवते, भरवते, आणि ती मला हे सगळं मी कसं चुकीचं करते ते सांगते. एकोणीस वर्षांत नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकांना काही लिहिलेलं नाही, तेव्हा गुरांची खुशाली आणि पावसाचं रडगाणं वगळते आणि विचारायचं ते विचारते.

बाबांना नेमकं कुठे पुरलं आहे?

हसू नकोस. मला माहीत होतं आणि आता माहीत नाही, असं झालं आहे. यंदा स्वच्छ गावाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवायचंच, असं मास्तर गिलरॉयच्या मनाने घेतलं. निवृत्त झाल्यापासून शिस्त लावायला त्याला कुणी उरलेलं नाही, म्हणून त्याने मेलेल्यांना धरलं. जुलैत फादर येऊन कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, त्याच्या आत किलमोरानची जुनी दफनभूमी लख्ख करायची ठरली. वर्गणी झाली, माती उकरायचं यंत्र आलं, आणि उंचवटे-खाचखळगे सगळे सपाट झाले. डोक्याशी आणि पायाशी रोवलेले जे अनघड दगड होते, ज्यांच्यावर नाव नाही की गाव नाही, ते मास्तरला नुसतेच दगड वाटले. गोळा करून त्याने नव्या पायवाटेला कडेने लावले. फार छान दिसतात. त्यातले दोन आपल्या बाबांचे आहेत.

आणि म्हातारा हलवला. पडक्या चर्चच्या कोपऱ्यात, अ‍ॅशच्या झाडाखाली ते दगडी मुंडकं किती शतकं बसलं होतं कुणास ठाऊक. झाड तोडलं, सिमेंटचा ओटा बांधला आणि म्हाताऱ्याला फाटकाजवळ रस्त्याकडे तोंड करून बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा चेहरा दिसावा म्हणून. आता तो शेजारच्या लिहीनच्या ट्रॅक्टरकडे बघतो.

आईचा सगळा हिशेब म्हाताऱ्यावर होता, तुला आठवत असेल. त्याच्या समोर उभं राहायचं, त्याची नजर जाते तिकडे सरळ चालायचं, की ओवेन मॅकटर्नन. नाव कोरलेला दगड तिने बसवला नाही, कारण तिचंही नाव कोरायचंच आहे, एका माणसासाठी कारागिराला दोनदा कशाला बोलवायचं, असं तिचं म्हणणं. आता तिला एवढंच हवं आहे की आपल्याला ओवेनजवळ ठेवावं. दुसरं काही मागत नाही. रोज सकाळी चहाचा पेला ओठांना लावायच्या आधी विचारते, जागा सापडली का? अंदाजाने मी दाखवू शकते, पण अंदाजाने खणलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला उठवायचं.

ज्यांनी ती कबर खणली त्यांतले दोघे स्वतः किलमोरानमध्ये आहेत, एक बर्मिंगहॅमला गेला तो गेलाच. ह्यूई डोलन सरकारी वृद्धाश्रमात आहे. मी गेले तर मला त्याची बहीण समजून रडला आणि घरी ने म्हणाला. उरलास तू.

घरचा मुलगा बापाची कबर खणत नाही, शेजारी खणतात, हे मला सांगायला नको आणि तुलाही नको. पण आई तेव्हा प्रेताजवळ बसून भरल्या घरात तुला बोलली की घर सोडून गेलास, परका होऊन आलास तर परक्यांचं काम कर, फावडं घे. आणि तू खरंच घेतलंस. ते उकरून काढण्यासाठी मी लिहीत नाही. पण फावडं तुझ्या हातात होतं, तेव्हा जागा तुला माहीत असणार.

मी लिहिते आहे हे आईला माहीत नाही. फोन करू नकोस. फोन पोस्टात आहे आणि पोस्टातली विनी अजून जिवंत आहे.

अट्राक्टा

कोराकून
२ जुलै

फेलिम,

तुझं उत्तर नाही. पर्थहून पत्र यायला किती दिवस लागतात ते विनीने मला न विचारताच सांगितलं, शिवाय कुणाचं येणार आहे तेही विचारलं.

हातावर हात ठेवून बसून काय होणार, म्हणून मी घरोघर फिरले. साधा प्रश्न होता. म्हातारा आधी होता तेव्हा त्याचं तोंड नेमकं कुठे होतं? कुंपणाच्या कोणत्या दगडाकडे, कोणत्या कबरीकडे? तेवढं कळलं असतं तर दोरी धरून रेघ ओढता आली असती.

आधी बीना फोलीकडे गेले. म्हणाली, त्यात काय विचारायचं, माझ्या पॅडीकडे बघायचा की. मला वाटलं, विधवा बाई आहे, बोलते. मग लिहीनकडे गेले. त्याने हातातली बादली खाली ठेवली आणि शपथेवर सांगितलं की म्हातारा त्यांच्या आजीकडे बघायचा, त्यांचं अख्खं खानदान त्यावर वाढलं. दोघांच्या कबरी दोन टोकांना आहेत, फेलिम. डोलनच्या सुनेने सांगितलं, तो त्यांच्या जुळ्या बाळांची राखण करायचा. जिथे गेले तिथे तेच. प्रत्येक घरात चहा पिऊन आणि सोडा-ब्रेड खाऊन पोट फुगलं, आणि प्रत्येक घर छातीवर हात ठेवून सांगतं की म्हातारा आमच्याच माणसाकडे बघत होता, दुसऱ्या कुणाकडे नाही.

परत येताना फाटकाशी थांबले आणि त्याला नीट बघितला. लहानपणी आपण घाबरून बघायचो नाही, नंतर सवयीने बघितला नाही. एक डोळा मोठा, एक बारीक. दोन्ही डोळ्यांत बुबुळ कोरलेलंच नाही. कान नाहीत. तोंड म्हणजे एक चीर, आणि ओठाला भोक कशासाठी आहे ते देवाला ठाऊक. डब्लिनहून विद्वान येऊन गेले होते, तेव्हा एक म्हणाला हा संत, दुसरा म्हणाला संतांच्याही आधीचा कुणी. आपले लोक म्हणायचे, कुण्या जमीनदाराचं तोंड पाथरवटाने रागाने कोरलं असेल. मी ओट्याच्या या बाजूला उभी राहिले, माझ्याकडे बघत होता. त्या बाजूला गेले, तरी माझ्याकडेच. बुबुळं नसलेला माणूस सगळ्यांकडे बघतो, हे माझ्या डोक्यात आजवर आलं नव्हतं.

म्हणजे आईचा हिशेब कधीच खरा नव्हता. हे मी तिला सांगणार नाही. तिला सांगायचं झालं तर तू येऊन सांग.

शनिवारी सभागृहात बैठक झाली. म्हाताऱ्याला परत जागेवर नेऊ, मास्तर कबूल झाला, बिचाऱ्याचा आवाज बसला होता. पण तोंड कुठे करायचं यावर लिहीन आणि फोलीचा दीर एकमेकांच्या अंगावर गेले. शेवटी फादर म्हणाले, आहे तिथे राहू दे. तेव्हा ती वाट बंद झाली. उत्तर लिही. चांगलं लिहू नकोस, नुसतं लिही.

अट्राक्टा

कोराकून
२८ जुलै

फेलिम,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "आईला जाणून घ्यायचं असेल तर आईने विचारावं." इतक्या लांबून तेवढ्यासाठी तिकीट लावलंस. ती इकडे भिंतीकडे तोंड करून पडते आणि तू तिकडे समुद्राकडे तोंड करून बसतोस, आणि मधे मी. तिचं अंथरूण मी बदलते, तिच्या पाठीला मी तेल लावते, आणि तुमच्या दोघांच्या मानापमानाची उस्तवारही मीच करायची. मला वीट आला आहे. हे असंच लिहायचं ठरवून बसले होते, लिहिलं.

पण आता काल काय झालं ते वाच.

काल कबरींचा रविवार होता. आई म्हणाली मला ने. मी नाही म्हटलं, डॉक्टरने नाही म्हटलं, फादर नाही म्हणाले. शेवटी लिहीनने आपल्या गाडीतून नेलं आणि स्वयंपाकघरातली खुर्ची मागच्या बाजूला कोंबून घेतली. तुला माहीत आहे, त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या कबरीशी उभं राहतं आणि फादर पाणी शिंपडत सगळ्यांसमोरून जातात. अमेरिकेतली माणसंदेखील त्या दिवसासाठी येतात. फोली आपल्या जागी, डोलन आपल्या जागी, छत्र्या घेऊन, नव्या बुटांत. आम्हाला उभं राहायला जागा नव्हती.

मी खुर्ची धरून विचारलं, कुठे ठेवू? आईने ते सपाट गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. अ‍ॅश नाही, म्हातारा नाही, उंचवटा नाही. मग म्हणाली, वाटेवरच ठेव. तेव्हा आम्ही दोघी पायवाटेवर, पाहुण्यासारख्या. फादर आले, थोडे गोंधळले, मग आमच्यावरच पाणी शिंपडलं आणि पुढे गेले. मास्तर गिलरॉय टोपी हातात घेऊन आईजवळ आला आणि म्हणाला की चूक झाली, कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. आई त्याला म्हणाली, "मला ठाऊक आहे रे. तू वर्गात फळासुद्धा असाच पुसून टाकायचास." तो बिचारा काय समजला देव जाणे. मला मात्र तिथे हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि हातात खुर्ची होती म्हणून डोळे पुसता येईनात.

घरी आल्यावर तिला झोपवलं. चुलीत जळणाच्या पीटची ढेकळं सारत होते तेव्हा पाठीमागून म्हणाली, "तू फेलिमला लिहितेस."

विनीचंच काम. मी हो म्हटलं.

"काय म्हणाला?"

मी तुझी ती ओळ सांगितली, काही गोड केलं नाही. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"त्याला लिही," ती म्हणाली, "खड्डा नीट खणला होता. कडा सरळ होत्या. मी वाकून बघितलं होतं."

"एवढंच?"

"त्याला कळेल."

मला विचारशील तर याहून जास्त तिच्याकडून या जन्मी निघणार नाही. हे विचारणं आहे की नाही ते तू ठरव. मी ठरवणार नाही, दोघांचं मिळून मी पुष्कळ ठरवलं.

अट्राक्टा

कोराकून
१९ ऑगस्ट

फेलिम,

तार मिळाली. विनीने ती स्वतः आणून दिली, चिखलातून, आणि मी फाटकावरच उघडावी म्हणून उभी राहिली. हे पत्र तुला निघायच्या आत मिळतं की नाही कोण जाणे, तरी लिहिते.

आईला सांगितलं. "कशाला एवढा खर्च," म्हणाली आणि मग केस विंचरायला लावले. आता अर्धा दिवस झोपेत असते. तू आलास की तुला ती वाळलेली दिसेल, चेहरा एका बाजूला ओढलेला दिसेल, दचकू नकोस, तिला लगेच कळतं. भेटवस्तू आणू नकोस. मी म्हातारी झाले आहे, तेही आधीच सांगून ठेवते. जुन्या गोष्टींवरून वाद घालायचा असेल तर माझ्याशी गोठ्यात घाल.

मी दमले आहे, फेलिम. तू येतो आहेस म्हणून बरं वाटतं असं लिहिणार होते, आणि वाटतंही, पण त्याहून जास्त असं वाटतं की कुणीतरी एक रात्र तिच्याजवळ बसेल आणि मी झोपेन.

अट्राक्टा

कोराकून
१२ ऑक्टोबर

फेलिम,

काल आईला जाऊन महिना झाला, तिच्या नावाने प्रार्थनेची मिस्सा झाली. चर्च भरलं होतं. मास्तरने वाचन केलं, फोलींनी केक आणले, सगळे तुझी चौकशी करत होते. नीट पोचलास हे कार्डावरून कळलं.

काल रात्री मी नऊ तास झोपले. आजही तिच्या खोलीतून कुणी हाक मारली नाही, आणि चहा दोन पेल्यांत ओतून बसले. तो दुसरा मीच प्यायले.

आता एक गोष्ट लिहायची आहे. तू काय बघितलंस ते तुला माहीत आहे. मी काय बघितलं ते तुला माहीत नसावं, किंवा असेल आणि तू बोलला नाहीस. तू आलास त्याच दिवशी सामान न सोडता किलमोरानला गेलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुला परत येताना बघितलं. जागा सापडलेला माणूस तसा चालत नाही. पण तू आईच्या खाटेशी वाकलास आणि म्हणालास, "सापडली, आई. लगेच ओळखली." ती तुझ्याकडे बघत राहिली, चांगल्या हाताने तुझी बाही धरली आणि म्हणाली, "या वेळी मी मागते म्हणून खण. खणशील ना?" तू हो म्हणालास. त्यानंतर ती कधी जागेबद्दल बोलली नाही. सकाळचा चहा निमूटपणे प्यायची. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

ती गेली तेव्हा शेजारी फावडी घेऊन आले आणि तू त्यांच्यात जाऊन उभा राहिलास. लिहीन फक्त बाजूला सरकला. बायका खणताना जात नाहीत, पण सँडविच आणि व्हिस्की घेऊन कुणीतरी जावं लागतंच, म्हणून मी गेले. तू कमरेपर्यंत आत होतास. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, फेलिम. एकदा उघडलेली माती काळी, मिसळलेली, भुसभुशीत राहते, शंभर वर्षांनीही. तुझ्या फावड्यावर येत होती ती पिवळी, घट्ट, चिकट माती, जी देवाने घातल्यापासून कुणी हलवलेली नाही. लाकडाचा तुकडा नाही. खिळा नाही.

लिहीनला दिसलं. डोलनच्या मुलाला दिसलं, तो तोंड फिरवून आभाळाकडे बघायला लागला. तू वर बघितलंस, आधी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. आणि मी मानेनेच हो म्हटलं. मी म्हटलं, "थोडं अजून खोल घे," आणि बाटली लिहीनकडे दिली. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "कडा छान आल्यात." सगळ्यांनी मान डोलवली. त्या दिवसापासून गावात सगळे म्हणतात, मॅकटर्ननांची केट आणि ओवेन शेवटी एका ठिकाणी आले. विनीसुद्धा तेच म्हणते, आणि तिला नक्की माहीत असणार.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुझ्या जागी मीही तेच सांगितलं असतं. तिला जाताना भीती वाटली नाही, हे मी जवळ बसून बघितलं आहे. बाबा कुठेतरी जवळच असतील, पाच-सहा पावलं इकडे किंवा तिकडे, आणि मी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला उभी राहून दोघांसाठी एकत्रच प्रार्थना म्हणते.

पण आता दगड बसवायचा आहे. कारागीर पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येणार आहे आणि विचारतो आहे, एक नाव की दोन. एक कोरलं तर अख्खं गाव विचारेल दुसरं का नाही. दोन कोरली तर जे खरं नाही ते दगडात जाईल, आणि ते आपल्या दोघांनंतरही तिथे राहील. फादरना विचारलं तर ते मला बायबल वाचायला सांगतील, मास्तरला विचारलं तर तो रडेल.

मी दोन म्हणणार आहे. ठरवलं आहे, तुझी परवानगी मागत नाही. पण या वेळी मला एकटीने म्हणायचं नाही. आजवर तुम्हा दोघांतलं सगळं मी एकटीने वाहिलं, हेही उचलता आलं असतं, पण आता हात दुखतात. कारागिराला मी सांगितलं आहे की भावाला विचारून कळवते. तेव्हा तू विनीच्या पोस्टातल्या फोनवर त्या मंगळवारच्या आत फोन कर. ती सगळं ऐकेल, ऐकू दे. काही स्पष्टीकरण देऊ नकोस. फक्त "दोन" म्हण.

तुझी बहीण,
अट्राक्टा